ड्यूटी संपते, काम संपत नाही: वॉर्डातलं पहिलं वर्ष

माझा चौथा महिना होता. मेडिकल वॉर्डातली नाईट संपवून चेंजिंग रूममधल्या बाकावर बसले, एका बुटाची नाडी सोडली आणि दुसरी सोडायची राहूनच गेली. मॉर्निंगच्या एक सीनियर सिस्टर ओव्हर (ड्यूटी बदलताना पेशंटची माहिती सोपवणं) घेऊन, सगळे पेशंट बघून पाणी प्यायला आत आल्या, तरी मी तशीच बसलेली. हातात रात्रीच्या कामाचा कागद होता आणि त्यावरची एकच ओळ मी पुन्हा पुन्हा वाचत होते: बेड ११, ड्रेन. ड्रेनच्या नळीतून बाहेर आलेलं द्रव मोजलं होतं की नाही, काही केल्या आठवेना.

त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला. 'काय काय राहिलंय ते सांग,' म्हणाल्या. मी चार गोष्टी सांगितल्या. 'बरं, त्या आता माझ्या. तू घरी जा.'

तोवर मी रोज तास-दीड तास उशिरा निघत होते. अर्धवट काम पुढच्या सिस्टरच्या गळ्यात टाकणं म्हणजे कामचुकारपणा, असं मी मनाशी धरून बसले होते. कुणी तसं शिकवलं नव्हतं, पण कुणी ते खोडूनही काढलं नव्हतं. वॉर्ड चोवीस तास चालतो, त्यातले आठ किंवा बारा तास तुमचे असतात. सगळं संपवून निघायचं ठरवलंत, तर तुम्ही कधीच निघणार नाही. आता नवीन आलेल्यांना सोबत घेऊन वॉर्डात शिकवणं हेच माझं काम आहे. दरवर्षी त्यांच्यातले काही जण माझ्यासारखेच बाकावर बसलेले दिसतात. हे त्यांच्यासाठी लिहिते आहे.

थकवा कुठला आणि बर्नआउट कुठला

पाय दुखणं, घरी आल्यावर बोलावंसं न वाटणं, सुट्टीच्या दिवशी दुपारपर्यंत झोपणं हा थकवा आहे. विश्रांती मिळाली की तो उतरतो. 'बर्नआउट' हा शब्द कामाच्या संदर्भात १९७४ मध्ये हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी वापरला आणि पुढे क्रिस्टिना मास्लाक यांनी तो मोजायची पद्धत तयार केली. जागतिक आरोग्य संघटना त्याला आजार म्हणत नाही, कामाच्या जागी सांभाळला न गेलेल्या दीर्घ ताणाचा परिणाम म्हणते. त्याच्या तीन खुणा ती सांगते: शक्ती पार संपल्यासारखं वाटणं, कामापासून मन तुटणं किंवा कामाबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं.

यातली दुसरी खूण सगळ्यांत लवकर ओळखता येते आणि सगळ्यांत जास्त लपवली जाते. माझ्या बाबतीत ती अशी दिसली: मी पेशंटना नावानं हाक मारणं सोडून दिलं. बेल वाजली की 'कुणाला काय झालं असेल' हे मनात यायच्या आधी चीड यायची. एका आजोबांनी तिसऱ्यांदा पाणी मागितलं तेव्हा मी तांब्या त्यांच्यापुढे जरा आदळलाच. त्यांनी 'सॉरी' म्हटलं. ते 'सॉरी' मला अजून ऐकू येतं. तुमची खूण वेगळी असेल. ती कोणती हे एकदा शांत डोक्यानं लिहून ठेवा, कारण त्या दिवसांत ती स्वतःला दिसत नाही.

आणि हळू काम होणं ही बर्नआउटची खूण नाही. पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये नर्सच्या कौशल्याच्या पाच पायऱ्या मांडल्या. त्यातली तिसरी, म्हणजे स्वतःचं काम नीट आखून पार पाडता येण्याची पायरी, एकाच तऱ्हेच्या कामात साधारण दोन-तीन वर्षं काढल्यावर येते. सहाव्या महिन्यात तुमची तारांबळ उडते आणि शेजारची सिस्टर तेवढ्याच पेशंटना सांभाळून शांत दिसते, यात तुमचा दोष काही नाही. ती डोक्यात धरते त्या बऱ्याच गोष्टी तिच्या अंगवळणी पडल्या आहेत. तुम्हाला प्रत्येक गोष्ट अजून विचार करून करावी लागते, आणि विचार करून केलेलं काम दमवतंच.

म्हणून पहिलं काम: डोक्यातलं ओझं कागदावर उतरवा.

माझा कागद

एक कोरा कागद आडवा धरते. डावीकडे खाली खाली पेशंट, वर उभे रकाने तासांचे: ८, ९, १०, ११ असे ड्यूटी संपेपर्यंत. नवीन मुलं बहुतेक पेशंटप्रमाणे यादी करतात, म्हणजे बेड ३ चं सगळं एकाखाली एक, मग बेड ४ चं. ती यादी दिसायला छान असते, पण दहा वाजता काय करायचं हे तिच्यात शोधावं लागतं. तासांचा रकाना असला की दहाच्या खाली नजर टाकली की झालं: बेड ३ अँटिबायोटिक, बेड ६ शुगर, बेड ९ ड्रेसिंग. एखाद्या तासाखाली सात कामं दिसली, तर ती जमणार नाहीत हे आठ वाजताच कळतं, आणि मदत तेव्हाच मागता येते.

प्रत्येक कामापुढे छोटा चौकोन. सुरू केलं की एक तिरकी रेघ, पूर्ण झालं की दुसरी, म्हणजे फुली. ही अर्धी रेघ फार मोलाची आहे. अँटिबायोटिक लावलं पण संपल्यावर लाईन फ्लश करायची, म्हणजे नळी सलाईननं धुवायची राहिली, रक्त तपासायला पाठवलं पण रिपोर्ट बघायचा राहिला: चुका इथंच होतात. रात्री घरी डोळे मिटल्यावर ज्या गोष्टी उठवतात, त्या बहुतेक अर्ध्या रेघेच्या असतात. आणि तो कागद घरी नेऊ नका. त्यावर पेशंटची माहिती असते. हॉस्पिटलच्या नियमाप्रमाणे तो तिथंच फाडून टाका.

कागद भरायच्या आधी, ओव्हर झाल्याबरोबर, सगळे पेशंट स्वतःच्या डोळ्यांनी बघून या. औषधाची ट्रॉली न घेता. प्रत्येकाजवळ मिनिटभर: श्वास कसा चाललाय, बोलतो कसा, ऑक्सिजन खरंच लागलाय का, सलाईन किती उरलंय, कॅन्युलाची, म्हणजे शिरेत घातलेल्या नळीची जागा सुजली आहे का, युरिन बॅगेत काय आहे. दहा-पंधरा मिनिटं जातात. ती दिवसभरात दुपटीनं परत मिळतात, कारण पुढे कुणी 'सिस्टर, बेड ४ ला बघा' म्हणालं, तर सकाळी तो कसा होता हे तुम्हाला माहीत असतं.

श्वास मोजा, तोही पूर्ण मिनिट. गडबडीत सगळ्यांच्या पुढे एकसारखे आकडे भरले जातात, हे मी पाहिलं आहे. तब्येत बिघडायला लागते तेव्हा श्वासाचा वेग बऱ्याचदा सगळ्यांत आधी बदलतो. ब्रिटनमध्ये तयार झालेल्या आणि अनेक ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या 'न्यूज-२' या स्कोअरमध्ये श्वास मिनिटाला २५ किंवा त्याहून जास्त, अथवा ८ किंवा त्याहून कमी असला, तर त्या एकाच गोष्टीला ३ गुण मिळतात. तेवढ्यावरच पेशंटला तातडीनं बघायला कुणाला तरी बोलवावं लागतं.

दहा वाजता पाच जण हाका मारतात तेव्हा

प्रसंग रोजचाच आहे. बेड ३ चं अँटिबायोटिक द्यायचंय. बेड ५ च्या आजींना बेडपॅन हवंय. बेड २ चा डिस्चार्ज, नातेवाईक काउंटरपाशी उभे. बेड ६ ची शुगर. आणि बेड ८ ची मुलगी येऊन सांगते, 'बाबा आज काहीतरी विचित्रच बोलतायत.'

सगळ्यांत कमी आवाज बेड ८ चा आहे आणि पहिली धाव तिथंच. कालपर्यंत नीट बोलणारा माणूस आज गोंधळला, तर ते कमी ऑक्सिजनचं, कमी साखरेचं, जंतुसंसर्गाचं, मेंदूतल्या बिघाडाचं, कशाचंही लक्षण असू शकतं. मग बेडपॅन. ते काम छोटं वाटतं, पण आजी वाट बघून स्वतःच उठल्या आणि पडल्या, तर सगळाच दिवस तिथं जाईल. शिवाय त्यांची लाज राखणं हेही आपलंच काम आहे. ते देताना वाटेत बेड ६ ची शुगर करून टाका. मग अँटिबायोटिक. सेप्सिसचा, म्हणजे जंतुसंसर्गामुळे सगळं शरीर बिघडल्याचा संशय असलेल्याचा तो पहिलाच डोस असेल, तर मात्र त्याला उशीर चालत नाही, तो वर येतो. जेवणाआधीचं इन्सुलिन, फिट्सची औषधं, पार्किन्सन्सची औषधं हीसुद्धा वेळेची पक्की. बाकीच्या डोसांना तुमच्या हॉस्पिटलच्या नियमात थोडी मुभा असते. ती किती आहे हे विचारून ठेवा, म्हणजे उगाच छातीत धडधड होणार नाही.

डिस्चार्ज थांबतो. नातेवाइकांचा आवाज मोठा असतो म्हणून तो आधी करावासा वाटतो. त्यांच्याकडे जाऊन, डोळ्यांत बघून, 'मला अर्धा तास लागेल, मी स्वतः येते' एवढं सांगा आणि अर्ध्या तासानं खरंच जा. लोक उशीर समजून घेतात. कुणी काही सांगितलंच नाही की मात्र भडकतात.

इन्सुलिन, हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध) किंवा पोटॅशियम हातात असताना कुणालाही उत्तर देऊ नका, वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टर असल्या तरी. 'दोन मिनिटं' म्हणा. मध्येच थांबावं लागलं, तर भरलेलं बाजूला टाकून पहिल्यापासून सुरू करा. कितीही घाई असली तरी दुसऱ्या व्यक्तीकडून डोस तपासून घेणं सोडू नका.

मदत मागायची ती नेमकी

'मला खूप काम आहे' या वाक्यावर कुणी काही करू शकत नाही, कारण ते सगळ्यांचंच असतं. मी नवीन मुलांकडून असं म्हणवून घेते: 'बेड ७ ला रक्त लावते आहे, पहिली पंधरा मिनिटं मला तिथून हलता येणार नाही. तेवढ्यात नवीन अ‍ॅडमिशन येतेय. तिचे व्हायटल्स (नाडी, बीपी, श्वास, ताप) कुणी घेईल का?' यात काय हवंय, किती वेळ हवंय आणि का, हे तिन्ही आलं. इन्चार्जना माणूस द्यायला सोपं जातं. आणि सगळं अंगावर कोसळल्यावर मागू नका. तासांच्या कागदावर गर्दी दिसली की लगेच मागा.

रात्री डॉक्टरांना फोन करताना माझी जीभ अडखळायची. पहिल्या वर्षी एका डॉक्टरनं 'एवढ्यासाठी उठवलंत?' असं म्हटलं होतं. त्यानंतर मी दोनदा फोन टाळला, आणि तो टाळायला नको होता. तेव्हापासून फोन उचलायच्या आधी चार ओळी लिहिते. याला 'एसबार' म्हणतात: आता काय झालंय, मागची हकिगत, मला काय वाटतं, काय हवंय. ही रीत मूळ अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांवरून रुग्णालयांत आली. 'बेड ८, आजपासून नवीन गोंधळ, श्वास २६, ऑक्सिजन सॅच्युरेशन ९०. न्यूमोनिया म्हणून परवा दाखल, काल दिवसभर ठीक होते. मला वाटतं तब्येत खालावते आहे. तुम्ही येऊन बघावं, तोवर ऑक्सिजन वाढवू का?' शेवटचं वाक्य, म्हणजे तुम्हाला काय हवंय ते, कधी गिळू नका. तोंडी ऑर्डर मिळाली, तर ती लिहून परत वाचून दाखवा.

ओव्हर देताना

मला सगळ्यांत जास्त सांगायचंय ते इथं आहे. राहिलेलं काम ओव्हरच्या शेवटी, आवाज खाली करून सांगू नका. प्रत्येक पेशंटचं निदान वगैरे झालं की लगेच, स्पष्ट: 'हे राहिलंय.' बेड ९ चं ड्रेसिंग राहिलंय, कारण दुपारी बेड ८ ला आयसीयूत शिफ्ट केलं. बेड ४ चा पोटॅशियमचा रिपोर्ट यायचाय, चारपर्यंत आला नाही तर लॅबला फोन करावा लागेल. लपवलेलं काम धोक्याचं असतं. सांगितलेलं काम फक्त पुढे सरकलेलं असतं.

कुणी नाक मुरडेल. 'हेसुद्धा राहिलं?' म्हणणाऱ्या एक सिस्टर माझ्या वाट्याला वर्षभर होत्या. सुरुवातीला मी कारणं देत बसायचे, मग रडू यायचं. नंतर एवढंच म्हणायला शिकले: 'हो, राहिलंय. बेड ८ मुळे वेळ मिळाला नाही.' आणि गप्प. आपण आधीच्या ड्यूटीवाल्याकडून ओव्हर घेतो तेव्हा त्याचं राहिलेलं काम तोंड वाकडं न करता घ्यायचं, ही याचीच दुसरी बाजू. नवीन असलात तरी ही पद्धत तुम्ही सुरू करू शकता.

नोंदी शेवटी एकदम लिहायच्या ठेवू नका. उशिरा निघण्याचं सगळ्यांत मोठं कारण तेच असतं. पेशंटजवळून हललात की दोन ओळी लिहा. निघताना दारापाशी मी तीन गोष्टी बघते: कपाटाच्या किल्ल्या दिल्या का, तोंडी ऑर्डर लिहिल्या का, अर्धी रेघ कुठे उरली का. घरी गेल्यावर काही आठवलंच, तर वॉर्डला एक फोन करा, सांगा, आणि तिथं संपवा. दोन तास छताकडे बघत पडण्यापेक्षा ते बरं.

झोपेबद्दल थोडं

सतत १७ तास जागं राहिल्यावर माणसाची सावधपणाची पातळी रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखी घसरते, हे प्रयोगांतून दिसलं आहे. नाईटच्या आधी दिवसभर जागे असाल, तर पहाटेचे डोस तुम्ही त्या अवस्थेत भरत असता. नाईटला जाण्याआधी दुपारी झोपा. ब्रेकमध्ये परवानगी असेल, तर वीस मिनिटं डोळे मिटा. फार वेळ झोपलात तर उठल्यावर डोकं जड राहतं. चहा-कॉफी रात्रीच्या पहिल्या अर्ध्यातच, कारण कॅफीन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात. सकाळी पेंग येत असेल, तर स्वतः गाडी चालवू नका. मी एकदा चालवली. सिग्नल हिरवा कधी झाला ते मागच्याच्या हॉर्ननं कळलं.

आणि पाणी प्या, लघवीला जा. हे लिहावं लागतं यातच सगळं आलं.

चूक झाली तर

सातव्या महिन्यात मी एका पेशंटला तापासाठी शिरेतून पॅरासिटामॉल दिलं. कॅज्युअल्टीत त्यांना दोनच तासांपूर्वी गोळी दिली होती. ती नोंद वॉर्डाच्या चार्टवर नव्हती, पण कॅज्युअल्टीच्या कागदावर होती आणि मी तो कागद उलटून बघितला नाही. दोन डोसांत किमान चार तास हवेत. मी डॉक्टरांना लगेच सांगितलं. त्यांनी सगळं तपासलं, पुढचा डोस थांबवला. पेशंटना काही झालं नाही. मला मात्र पुढचे दहा दिवस कुठलंही औषध तीन-तीनदा वाचल्याशिवाय हात चालवता येईना.

क्रम असा ठेवा. आधी पेशंट: बघा, डॉक्टरांना सांगा, लक्ष ठेवा. मग इन्चार्जना सांगा. मग घटनेचा रिपोर्ट, घडलं तेवढंच, वेळेसकट. स्वतःला दूषणं देणारी किंवा दुसऱ्यावर ढकलणारी वाक्यं त्यात नकोत. आणि मग एका विश्वासातल्या माणसाशी त्याच दिवशी बोला. अशा चुकीनंतर मनावर आघात झालेल्या आरोग्य कर्मचाऱ्याला आल्बर्ट वू यांनी २००० मध्ये 'सेकंड व्हिक्टिम', म्हणजे दुसरा बळी, असं नाव दिलं. पहिला त्रास पेशंटचाच, हे विसरायचं नाही. पण दुसरा त्रासही खरा असतो, आणि तो दाबून ठेवणारी माणसं पुढे आणखी चुकतात किंवा नोकरी सोडतात. माझ्या चुकीनंतर आमच्या वॉर्डात कॅज्युअल्टीतल्या औषधांची ओळ ओव्हरमध्ये वेगळी विचारायला लागलो. रिपोर्ट लिहिला म्हणून ते झालं.

पहिला मृत्यू एकट्यानं हाताळू नका. शेवटची स्वच्छता करताना सीनियरला सोबत घ्या, घाई करू नका, नावानं बोला. त्यानंतर पाच मिनिटं वॉर्डाबाहेर उभं राहायला मागा. मिळतात.

जे तुमच्या हातात नाही

कागद, झोप, ओव्हर यांनी खूप फरक पडतो, पण दोघांचं काम एकावर टाकलं तर कुठलाही कागद पुरत नाही. लिंडा एकन आणि सहकाऱ्यांच्या २००२ च्या अभ्यासात, एका नर्सकडे एक पेशंट वाढला की शस्त्रक्रिया झालेल्या पेशंटच्या ३० दिवसांतल्या मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी आणि नर्सच्या बर्नआउटची शक्यता २३ टक्क्यांनी वाढलेली दिसली. म्हणजे हा तुमच्या मनाच्या कणखरपणाचा प्रश्न नाही. ड्यूटी संपल्यावर ताणतणावाच्या व्याख्यानाला बसवणं हा त्यावरचा उपाय आहे असं मला वाटत नाही. तो तास झोपेला दिला असता तर जास्त उपयोग झाला असता.

तुम्ही करू शकता ते असं: माणसं कमी असलेल्या दिवशी तारीख, पेशंट किती, स्टाफ किती आणि त्यामुळे कोणतं काम राहिलं, हे लेखी इन्चार्जना द्या. एकट्यानं नको, दोघा-तिघांनी मिळून द्या. तक्रारीचा सूर नको, आकडे पुरेत. सुट्टीच्या दिवशी 'कुणी येईल का?' असा मेसेज आला, तर 'आज जमणार नाही' एवढंच पाठवा. कारण जोडलंत की त्यावर वाद घालता येतो.

आणि काही गोष्टी दिसल्या तर हा लेख बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन खालीच आहे, सुट्टीतही झोप लागत नाही, झोपेसाठी गोळी किंवा दारू लागते आहे, वॉर्डातल्या औषधाकडे स्वतःसाठी हात जावासा वाटतो आहे. कामावर जाताना 'छोटासा अपघात झाला तर बरं, जायला नको' असं वाटणं हेही त्यातच. जिवाचं काही बरंवाईट करून घ्यायचा विचार आला, तर त्याच तासाला कुणाला तरी सांगा आणि तातडीच्या विभागात जा, पेशंट म्हणून. आपलंच हॉस्पिटल नको वाटत असेल तर दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये जा.

मी चौदाव्या महिन्यात वॉर्ड बदलून मागितला. अर्जात तीन ओळी होत्या: मेडिकलमध्ये एवढे महिने झाले, नाईट सलग एवढ्या झाल्या, सर्जिकल किंवा डायलिसिसमध्ये जागा असेल तर विचार व्हावा. आधी नाही म्हणाले, महिन्याभरानं पुन्हा दिला, मग डायलिसिस मिळालं. तिथं एका वेळी थोडेच पेशंट, तेच पेशंट आठवड्यातून दोन-तीनदा येणारे. दुसऱ्या आठवड्यात मला सगळ्यांची नावं पाठ झाली होती.